विल्सन आजार: पेनिसिलामाइन आणि झिंकच्या वेळा कशा बसवायच्या?

प्रश्न (लातूर): पुतण्या, वय 19, विल्सन आजार (शरीरात तांबं साचतं तो आनुवंशिक आजार). डी-पेनिसिलामाइन (तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं) 250 मिग्रॅ दोनदा, झिंक (अन्नातलं तांबं शोषू न देणारं) दोनदा, शिवाय बी-6 जीवनसत्त्व. सकाळी आठला भाकरी खाऊन तो शेतावर जातो. मळमळ होते म्हणून गोळ्या जेवणासोबत देतोय. चालेल का?

उत्तर 1: जेवणासोबत नको दादा, पेनिसिलामाइन निम्मंच शोषलं जातं. जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास. झिंकही उपाशीपोटीच बरं, ज्वारी-बाजरीतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. दोन्ही औषधं एकत्र कधीच नकोत, ती एकमेकांना बांधून निकामी करतात. साडेसहाला पेनिसिलामाइन, साडेदहाला झिंक, दुपारी साडेचारला पुन्हा पेनिसिलामाइन, रात्री साडेदहाला झिंक. झिंकनं फारच मळमळलं तर डॉक्टरांना विचारून थोडं काहीतरी खाऊन घ्या. लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं औषध पेनिसिलामाइनजवळ नको.

उत्तर 2: प्यायच्या पाण्याचा तांब्याचा हंडा असेल तर आजच स्टीलचा करा. कलेजी बंद, तिच्यात तांबं जास्त. शेंगदाण्याची चटणी, तीळ पहिलं वर्ष तरी टाळा. आणि सख्ख्या भावंडांची तपासणी राहू देऊ नका, प्रत्येकाला 25 टक्के शक्यता असते.

उत्तर 3: पेनिसिलामाइन सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात ताप, पुरळ, गाठी आल्या किंवा लघवीला फेस दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्तपेशी आणि लघवीतलं प्रोटीन सुरुवातीला वरचेवर तपासावं लागतं. बरं वाटतंय म्हणून परस्पर गोळी थांबवू नका ताई-दादांनो, यकृत अचानक निकामी होऊन जीव गेलेला आहे.