मदत हवी आहे : दोन्ही डोळे नसलेल्या भावाची झोप रोज अर्धा तास पुढे सरकते (पिनिअल ग्रंथी, मेलाटोनिन)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायला आजच बसले. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी आमच्या विहिरीचं खोदकाम चालू असताना एक सुरुंग उशिरा उडाला आणि त्यात त्याचे दोन्ही डोळे गेले. दोन्ही काढावेच लागले, आता कृत्रिम बसवले आहेत. हे इतकं उघड सांगण्याचं कारण पुढे येईल. त्यानंतर पोरगा जिद्दीनं उभा राहिला. पांढरी काठी शिकला, ब्रेल शिकला, मोबाइलवर टॉकबॅक शिकला. चार वर्षं झाली, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत फोनवरचं काम करतो.

अडचण आहे ती झोपेची. काही दिवस सगळं छान असतं, रात्री दहाला झोपतो, सकाळी सहाला उठतो. मग झोप साडेदहाला येते, अकराला येते, एकाला, तीनला. पुढे अशी वेळ येते की रात्रभर टक्क जागा आणि कामावर अकरा वाजता मान टेबलावर. मग काहीही न करता सगळं पुन्हा ताळ्यावर येतं. आईला वाटायचं अमावस्या बाधते. कामाच्या ठिकाणी दोनदा समज मिळाली. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. तिनं डोळा लागायचा, पण सकाळी डोकं जड व्हायचं आणि झोपेचं सरकणं काही थांबलं नाही.

मार्चपासून मी त्याच्या झोपेची वही ठेवली. झोपला किती वाजता, उठला किती वाजता, दुपारी डुलकी लागली का, एवढंच लिहायचं. ९८ दिवसांच्या नोंदी झाल्यावर आलेखाच्या कागदावर मांडल्या, तर तिरकी सरळ रेघ! रोज साधारण अर्धा तास पुढे, आणि ४८ दिवसांनी फेरी पूर्ण होऊन पुन्हा रात्रीचे दहा. कालनिर्णयवरच्या अमावस्या त्याच कागदावर खुणा करून पाहिल्या, एकही जुळत नाही. आईला कागद दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे त्याच्या आतूनच आहे." भावाला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "ताई, मग मी आळशी नाही ना?"

तेव्हापासून मी यामागे लागले आहे. आत्तापर्यंत मला जे कळलंय ते लिहिते, चूक असेल तर सांगा.

मेंदूच्या मधोमध, मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी पिनिअल ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन रक्तात सोडू लागते, मध्यरात्रीनंतर त्याचं प्रमाण सर्वात जास्त असतं आणि सकाळी ते अगदी कमी होतं. मेलाटोनिन गुंगी आणणारं औषध नाही. रात्र झाली, ही शरीरभर दिलेली दवंडी आहे.

पण रात्र झाली हे त्या ग्रंथीला कळतं कसं? तिला स्वतःला उजेड दिसत नाही. डोळ्याच्या पडद्यात काही निराळ्या पेशी असतात. त्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड मोजतात, त्यातही निळसर उजेड जास्त. त्यांचा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जातो. तिथून मज्जारज्जूतून खाली छातीपर्यंत, मग मानेतल्या नसांच्या गाठीतून परत वर, आणि तेव्हा कुठे पिनिअलपर्यंत. केवढा हा वळसा! मानेच्या मणक्यात मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसांत रात्रीचं मेलाटोनिन बंद होतं, ते यामुळेच.

आपल्या आतलं घड्याळ बहुतेकांत २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं. रोजचा उजेड ते पुसून जुळवून देतो. माझ्या भावाच्या बाबतीत निरोप नेणारं कुणी उरलंच नाही. ग्रंथी ठणठणीत असावी, मेलाटोनिनही तयार होत असावं, पण दिवस कधी उगवला हे तिला कळवणार कोण? म्हणून त्याचं घड्याळ साडेचोवीस तासांचा दिवस मोजत पुढे जातं. याला नॉन-२४ म्हणतात आणि पूर्ण अंध लोकांत ते पुष्कळ आढळतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. नात्यातल्या एकांनी आग्रह धरला आहे की पिनिअल म्हणजे तिसरा डोळा, तो जागृत करणारं शिबिर केलं की भावाला दिसू लागेल. पैसेही भरायला निघाले होते. सरड्याच्या टाळूवर उजेड ओळखणारा ठिपका खरंच असतो, न्यूझीलंडच्या तुआताराला तर भिंग आणि पडदा असलेला तिसरा डोळा असतो. माणसात मात्र ही ग्रंथी कवटीच्या आत खोल आहे. तिनं दिसत नाही. नऊ वर्षांनी कसंबसं मन आवरलेल्या पोराला पुन्हा अशी आशा लावू नये, असं मला फार वाटतं.

आता माझे प्रश्न. यासाठी नेमकं कोणत्या डॉक्टरांकडे जावं? मेलाटोनिनची गोळी द्यायची तर किती वाजता आणि कधीपासून? आणि कामाच्या ठिकाणी हे कसं समजावून सांगावं?

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर आहे, पण झोपेचा तज्ज्ञ नाही. तुमची वही हाच अर्धा तपास आहे. ती फाडू नका, मूळ प्रत घेऊन जा. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, पण आधी फोन करून विचारा की ते झोपेच्या वेळापत्रकाचे आजार बघतात का. बरीच स्लीप क्लिनिक्स मुख्यतः घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यासाठी असतात. मनगटावर बांधायचं हालचाल नोंदवणारं यंत्र निदान दोन आठवडे लावतात. लघवीतल्या मेलाटोनिनच्या अंशावरूनही लय कळते.

मेलाटोनिन इथे झोप आणायला देत नाहीत, घड्याळाला रोज एक टोला द्यायला देतात. म्हणून मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. रोज ठरल्या वेळी, झोपायच्या थोडं आधी, आणि सुरुवात शक्यतो फेरी रात्री दहाच्या जवळ आलेली असताना. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात सात अंधांपैकी सहा जणांचं घड्याळ याने २४ तासांवर आलं. पुढे अर्ध्या मिलिग्रॅमसारख्या छोट्या मात्रेनेही काम होतं असं दिसलं. जुळायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. दुकानातून आणून स्वतःहून सुरू करू नका. फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रतिसाद २

मी स्वतः अंध आहे. मला उजेड-अंधारही कळत नाही, पण माझे डोळे जागेवर आहेत आणि झोप अगदी वेळेवर येते. डॉक्टरांनी सांगितलं की काहींच्या पडद्यातल्या त्या उजेड मोजणाऱ्या पेशी शाबूत राहतात. म्हणून मी रोज सकाळी अंगणात बसतो. तुमच्या भावाला याचा उपयोग होणार नाही, पण अजून डोळे असलेल्या अंधांनी हे जरूर करावं.

कामाचं म्हणाल तर तोंडी समजावत बसू नका. निदान झालं की डॉक्टरांचं पत्र घ्या आणि त्यासोबत लेखी अर्ज द्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. ते मागा. फिरती वेळ किंवा काही दिवस घरून फोन, असं नेमकं काय हवं ते अर्जात लिहा.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. भावाला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. काही गोळी चालू नाही, फिट्स कधी आलेल्या नाहीत. आलेखाप्रमाणे आजपासून १७ दिवसांनी त्याची झोप पुन्हा दहाला येईल. त्याच्या आत न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळवायची आहे. सातारा, पुणे किंवा कोल्हापूरकडे असे रुग्ण बघणारे कुणी माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा. वहीच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.