चौकट जशीच्या तशी उचलली की सिनेमा इमानदार होतो का?

चौकटीबाहेर
परवा शुद्धकॉमिक यांनी लिहिलंय की कॉमिकवरून सिनेमा काढायचा तर पान समोर ठेवायचं, चौकटीत दिसतंय तसा कॅमेरा लावायचा, संवादाला हात लावायचा नाही, आणि ज्याला हे जमत नाही त्याने स्वतःची गोष्ट लिहावी. पुरावा काय, तर वॉचमेन, ॲलन मूरचं सुपरहीरोंचं कॉमिक. कॉमिकच्या शेवटी न्यूयॉर्कवर येऊन आदळणारा तो अवाढव्य, माकुळासारखा स्क्विड २००९ च्या सिनेमात काढून टाकला आणि सगळं खापर डॉक्टर मॅनहॅटन या महाशक्तिमान पात्रावर फोडलं, तिथेच म्हणे सिनेमा मेला. मी गप्पच बसणार होतो. पण "बदल आवडणाऱ्यांनी मूळ वाचलेलंच नसतं" हे वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

वाचलंय हो मूळ. बाराच्या बारा अंक. आणि माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे, तो सिनेमा बदलामुळे नाही, पान गिरवल्यामुळे मेला.

पाचवा अंक काढा. पहिलं पान म्हणजे शेवटच्या पानाचं आरशातलं रूप, दुसरं उपांत्य पानाचं, असं करत करत बरोब्बर मधल्या दोन पानांवर ओझिमँडियस या पात्रावरचा हल्ला. हे वाचताना कळत नाही. अंक संपतो, काहीतरी खटकत राहतं, तुम्ही मागे जाता, पानात बोट घालून दोन्हीकडे आलटून पालटून बघता आणि मग लक्षात येतं की लेकाच्यांनी काय करून ठेवलंय. थेटरात बोट कुठे घालणार?

कॉमिकमध्ये वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो, एवढाच माझा मुद्दा आहे. एका चौकटीवर मी दहा मिनिटं बसेन नाहीतर सरकन पुढे जाईन. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं ते मीच ठरवतो. सिनेमात ते दिग्दर्शक ठरवतो. ती गल्लीतली मारामारी आठवा, डॅन आणि लॉरीला गुंड घेरतात ती. कॉमिकमध्ये ती मॅनहॅटनच्या टीव्हीवरच्या मुलाखतीत गुंफलेली आहे, तुटक तुटक चौकटींत उरकते, कारण ही दोघं निवृत्त झालेले, वय झालेले सुपरहीरो. सिनेमाचा दिग्दर्शक स्नायडरने प्रसंग तोच ठेवला, गुंफणही तीच ठेवली आणि मारामारी हाडं बाहेर येईपर्यंत दाखवली, वर त्याची ती संथ गती. चौकट जुळली, अर्थ पार उलटा झाला. लग्नाचा अल्बम समोर ठेवून तेच लग्न परत लावायला घ्यावं, तसला प्रकार.

याउलट घोस्ट वर्ल्ड (२००१). स्टीव्ह बुसेमीचा तो सीमोर पुस्तकात तसा नाहीच, सिनेमासाठी उभा केलाय, आणि पटकथेत खुद्द मूळ कॉमिकवाला डॅनियल क्लोज आहे. ऑस्करचं नामांकन मिळालं त्या पटकथेला. पुस्तकातला तो कंटाळा, ती तुसडी मैत्री, सगळं शाबूत.

चौकटी गिरवून गाजला म्हणून सिन सिटी कुणी पुढे करू नका. तेच दोघे दिग्दर्शक, तीच चौकटी गिरवायची पद्धत घेऊन दुसरा भाग २०१४ ला आला होता, किती जणांना आठवतोय?

शुद्धकॉमिक
वा. माझं नाव घेऊन धागा, म्हणजे आम्ही मोठे झालो म्हणायचं.

साहेब, तुम्ही सोयीची उदाहरणं उचललीत. लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन बरं विसरलात? कॉमिकमध्ये जुन्या कादंबऱ्यांतल्या पात्रांची टोळी मिना मरेच्या हाताखाली आणि क्वाटरमेन अफूच्या नशेत पडलेला म्हातारा, हीच तर त्यातली गंमत होती. २००३ च्या सिनेमात क्वाटरमेन झाला शॉन कॉनरी, झालं, लगेच पुढारी तो, मिनाला रक्तपिपासू करून बाजूला बसवली, वर अमेरिकन प्रेक्षकाला ओळखीचा माणूस हवा म्हणून टॉम सॉयर घुसवला. तुमची ही जी कलात्मक मोकळीक आहे ना, ती दर वेळी स्टारच्या आणि तिकिटाच्याच बाजूला कशी काय वळते?

स्क्विडबद्दल पण सांगतो. डाव काय, तर खोट्या संकटाने अमेरिका आणि रशियाला एकत्र आणायचं. मॅनहॅटन हे अमेरिकेचं हत्यार, साऱ्या जगाला माहीत असलेलं. त्याने शहरं उडवली तर रशिया अमेरिकेच्या गळ्यात पडेल का गळा धरेल? परका, अनोळखी शत्रू हवा म्हणूनच तो स्क्विड होता. सिनेमावाल्यांना वाटलं लोक हसतील. २०१९ च्या वॉचमेन मालिकेने तोच स्क्विड परत आणला, पहिल्याच भागात आकाशातून बारके स्क्विड पडतात, कोणी हसलं नाही. आणि ॲलन मूरने सिनेमातून स्वतःचं नाव काढून घेतलं, पैसेसुद्धा चित्रकाराला द्यायला सांगितले, ते काय उगाच?

चौकटीबाहेर
रशियाचा मुद्दा तगडा आहे, पण तो गोष्टीच्या तर्काचा मुद्दा आहे, इमानदारीचा नाही. उद्या मूळ कॉमिकमध्येच अशी गफलत असती तर तीही जपायची का? आणि मूरला कशाला मध्ये आणता, तो काही "नीट कॉपी करा" म्हणत नव्हता. कॉमिकलाच जमतं आणि सिनेमाला जमत नाही ते दाखवायला वॉचमेन लिहिलं, असं तो सांगत आलाय. म्हणजे तुमचा साक्षीदार माझ्या बाजूचा निघाला.

रद्दीतला_वेताळ
पोरांनो, भांडा भांडा. पण तुमचं ते मूळ मूळ ऐकून हसू येतंय.

आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो. शनिवारात एक वाचनालय होतं, चार आण्याला अंक भाड्याने, दुसऱ्या दिवशी दिला नाही तर दंड. वेताळ, म्हणजे फँटम, राहायचा डेंकालीच्या जंगलात, कवटीच्या गुहेत. मोठेपणी कळलं की ली फॉकच्या मूळ पट्टीत डेंकाली नाहीच, ते आपल्याकडे बंगालशी घोटाळा नको म्हणून बदललेलं. सिंग चाचे होते त्यांचे सिंगा केले. तरी अडलं काही आमचं? दहा-पंधरा वर्षं त्याच वेताळावर जीव टाकला. मग १९९६ ला बिली झेनचा सिनेमा आला, जांभळा पोशाख जवळपास पानावर आहे तसाच. आमच्या हिने अर्ध्यात विचारलं, "हा असाच फिरणार का दिवसभर?" त्याला काही उत्तर नाही. पानावर कधी असा प्रश्न पडला नव्हता.

सगळे अंक मातोश्रींनी एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातले. आज एकेक अंक जुन्या पुस्तकांच्या बाजारात कितीला जातो ते मी बघतच नाही.

शुद्धकॉमिक
काका, आदर आहे, पण आपल्याकडच्या संपादकांनी खाडाखोड केली म्हणून हॉलिवूडला पण माफी, हे काय लॉजिक झालं?

रद्दीतला_वेताळ
लॉजिक नाहीये ते, अनुभव आहे. तुमच्याकडे नसेल.

डेपोची_शेवटची_बस
सगळं इंग्लिशच का चाललंय? आपल्या पुण्यात चिंटू आहे की. १९९१ पासून सकाळमध्ये यायचा, पंडित आणि वाडेकरांचा. मी पेपर मागच्या बाजूने उघडणारी पिढी. तीन-चार चौकटी, शेवटच्या चौकटीत बाबांचा पडलेला चेहरा, खलास. २०१२ ला श्रीरंग गोडबोलेंनी सिनेमा केला. आता शुद्धकॉमिक यांनी सांगावं, तीन चौकटींचा दोन तासांचा सिनेमा इमानदारीत कसा करायचा? शंभर पट्ट्या एकापुढे एक लावायच्या? मग सुट्टी आली, मैदान आलं, ते बळकावणारा गुंड आला. मला तो गुंड नाही आवडला, कारण चिंटूच्या जगात कुणी वाईट नसतंच, फार तर जोशीकाकू वैतागतात. पण दुसरं काय केलं असतं?

आणि एक, कागदावरचा चिंटू वाढत नाही. कॅमेऱ्यासमोरचं पोरगं दर सुट्टीत दोन इंच वाढतं. दुसरा भाग लगेच २०१३ लाच आला त्यामागे हेच असावं असा माझा आपला संशय.

सोनूचा_बाबा
चिंटू चिंटू करताय, तो बघायला मिळाला का कुणाला? एका मल्टिप्लेक्सात शो सकाळी साडेनऊला आणि थेट रात्रीचा. लहान मुलांचा सिनेमा रात्री! तिकीट खिडकीवर विचारलं तर म्हणे डिमांड नाही. अरे रात्री पावणेअकराला पाच वर्षाच्या पोराची डिमांड कुठून येणार? चार जणांच्या पॉपकॉर्नमध्ये महिन्याचं दूध आलं असतं ते वेगळंच. आणि तुम्ही इथे चौकटी मोजताय.

फुरसुंगीकर_अस्सल
आता पुण्याचाच विषय निघालाय तर फास्टर फेणेवर बोला ना. बनेश फेणे आमच्या गावचा. भा. रा. भागवतांनी लिहिला शाळकरी पोरगा, सायकलवाला, काटकुळा, ट्टॉक करणारा. २०१७ च्या सिनेमात बघतो तर मेडिकलच्या परीक्षेला आलेला बाप्या, हातात मोबाईल. हा कुठला फेणे? शुद्धकॉमिक यांना माझा पाठिंबा.

आमच्या गावाचं नाव महाराष्ट्राला दोनच गोष्टींमुळे माहिती, फेणे आणि कचरा डेपो. त्यातला एक तरी नीट ठेवा.

व्याकरणमास्तर
फास्टर फेणे हे कॉमिक नाही. ती कादंबऱ्यांची मालिका आहे. धाग्याचा विषय कॉमिक आहे.

फुरसुंगीकर_अस्सल
आतमध्ये चित्रं होती.

व्याकरणमास्तर
बालभारतीच्या पुस्तकातही असतात.

पेठेतला_गच्चीवरून
अहो मास्तर, सोडा की. फुरसुंगीकर, तुमचा फेणे शाळा कुठे शिकला? पुण्यात, विद्याभवनात. उद्योग कुठे केले? जगभर. फुरसुंगीत टिकला असता तर एक पुस्तक झालं नसतं. आणि सिनेमाचं म्हणाल तर त्यात दिलीप प्रभावळकर स्वतः भागवत होऊन येतात आणि फेणे त्यांच्या घरी जातो. पुस्तकात हे नाही, असूच शकत नाही, पण ज्यांनी लहानपणी ती पुस्तकं वाचली त्यांना तिथे काय झालं ते विचारा. माझ्या शेजारचा पन्नाशीचा माणूस चष्मा पुसत होता. मी नव्हतो पुसत. मी चष्मा लावत नाही.

फुरसुंगीकर_अस्सल
टिकला असता तर म्हणजे काय? पेठेतल्या लोकांचा कचरा वर्षानुवर्षं आम्ही हुंगायचा आणि वर हे ऐकायचं. सिनेमा आला त्याच वर्षी गाव महापालिकेत ओढलं, टॅक्स लावला, पाणी मात्र टँकरचंच. आता परत वेगळी नगरपरिषद. फेणे ज्या वाटेने सायकल मारायचा तिथे आज सायकल घालून दाखवा, कंटेनरखाली जाल. तुम्हाला गच्चीवरून काय दिसणार.

पेठेतला_गच्चीवरून
गच्चीवरून डेपोची आग दिसते कधी कधी. राग माझ्यावर नका काढू, मी ओला-सुका वेगळा करतो.

फुरसुंगीकर_अस्सल
गाडीत एकत्रच टाकतात, या एकदा बघायला.

डेपोची_शेवटची_बस
धागा कॉमिकचा होता ना?

मांगावाली_नवीन
कॉमिकवरच बोलते. अकिरा कुणीच कसं घेतलं नाही? कात्सुहिरो ओतोमोचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९८२ ला सुरू झाला, १९९० ला संपला, सहा जाडजूड खंड, दोन हजारांवर पानं. सिनेमा १९८८ चा, म्हणजे मांगा संपायच्या आधीच, आणि दिग्दर्शक ओतोमो स्वतः. मांगात अकिरा हा जिवंत मुलगा आहे, तो जागा होतो, शहर उद्ध्वस्त करतो, त्याच्याभोवती राज्य उभं राहतं. सिनेमात त्याचे फक्त बरण्यांमधले नमुने उरलेत. ज्याच्या नावाचा सिनेमा तोच बरणीत! आणि तरी मला दोन्ही तितकेच आवडतात. मूळ लेखकानेच असं केलं तर बेइमान कोण, शुद्धकॉमिक दादा?

शुद्धकॉमिक
त्याची गोष्ट आहे, तो वाटेल ते करेल. प्रश्न परक्याने हात घालण्याचा आहे.

चौकटीबाहेर
म्हणजे नियम चौकटीचा नव्हताच, मालकीचा होता. हे परवाच लिहिलं असतंत तर माझी संध्याकाळ वाचली असती. मर्जान सत्रापीने आपल्याच पर्सेपोलिस या कॉमिकचा सिनेमा स्वतः सहदिग्दर्शक होऊन २००७ ला केला. चित्रं तीच काळीपांढरी सपाट ठेवली, पण विमानतळावर बसून आठवणारी बाई ही चौकट नव्याने घातली, आणि ती रंगीत. यालाही चालेल म्हणणार ना, कारण मालकीणबाई?

शुद्धकॉमिक
चालेल. तिने चित्र बदललं नाही, हाड तेच ठेवलं. तुमच्या स्टुडिओवाल्यांना मोकळीक द्या, मग बघू ते कुठलं हाड ठेवतात. नोलनचा बॅटमनवरचा डार्क नाईट कुठल्याही एका कॉमिकवरून नाही, इकडचं तिकडचं घेतलंय, मला आवडतो, पण त्याला मी रूपांतर म्हणतच नाही. स्वतंत्र सिनेमा काढा, नाव पण स्वतंत्र द्या, माझं काही म्हणणं नाही.

घोस्ट वर्ल्ड काल रात्री परत बघितला. चांगला आहे. खूश? स्क्विडवरून मी हलणार नाही.

चौकटीबाहेर
हलू नका, तोच एक मुद्दा तुमचा बरा आहे.

व्याकरणमास्तर
घोस्ट वर्ल्ड ग्राफिक नॉव्हेल आहे.

सोनूचा_बाबा
मास्तर, तुम्हाला कुणी घरी बोलू देत नाही का?

फुरसुंगीकर_अस्सल
फेण्याचा दुसरा सिनेमा कुणी काढत असेल तर आमच्या डेपोवर काढा. पोरगा शाळकरी घ्या, सायकल द्या. खलनायक शोधायला लांब जायला नको, रोज सकाळी गाड्या मोजल्या तरी पटकथा तयार.