रेघ नको, मधले बिंदू साठवा

तुमच्या वेबपानावरच्या नकाशात बेळगाव-पणजी रस्त्याची रेघ धरून ओढली, जांबोटी-चोर्ल्यावरून नेली, पण पान पुन्हा उघडलं की ती अनमोडवरूनच दिसते, ही तुमची अडचण. रेघ ओढली की लीफलेट राउटिंग मशीन ही लायब्ररी (लीफलेट नकाशावर रस्ता काढणारा तयार कोड) तिथे एक मधला बिंदू घालते आणि राउटिंग सर्व्हरकडून, म्हणजे रस्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरकडून, नवा रस्ता मागवते. तुम्ही फक्त सुरुवात आणि शेवट साठवताय, म्हणून ओढलेलं सगळं वाया जातं. त्या लायब्ररीत बिंदू बदलल्याचा इव्हेंट (कोडला मिळणारी सूचना) पकडा, सगळे वेपॉइंट, म्हणजे सुरुवात, मधले बिंदू आणि शेवट, क्रमाने सेव्ह करा. कणकुंबीजवळचा तो एक बिंदू टिकला की रस्ताही टिकेल. गूगलच्या नकाशातही हेच तत्त्व.

या चर्चेत कुणीतरी एडिटेबल पॉलीलाइन, म्हणजे हाताने बिंदू हलवता येणारी साधी रेघ, सुचवली आहे; ती इथे घेऊ नका. ती रस्ता ओळखतच नाही, बिंदू जिथे टाकाल तिथेच राहतो. पण पंढरीला निघालेली दिंडी जिथे बांधावरून, पाणंदीतून जाते, तिथे मात्र मला तीच हवी. त्या वाटा राउटिंगला बहुधा ठाऊकच नसतात.

आणखी एक, यात फार जण अडकतात. लीफलेट आधी अक्षांश घेतं, ओएसआरएम (रस्ता शोधणारा सर्व्हर) आणि जिओजेसन (नकाशाचा डेटा साठवायचा प्रकार) आधी रेखांश. बेळगाव म्हणजे अक्षांश १५.८५, रेखांश ७४.५. हे उलटं गेलं तर बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

ओढताना सतत रस्ता मागवणारा पर्याय मोबाइलवर बंदच ठेवा. जांबोटीपुढे जंगलात रेंज धड नसते. बोट उचलल्यावर एकदाच मागवलेलं बरं.