हार्डकॅसल म्हणजे कोण? (सोसायटी ग्रुप)

बी-३०२ काकू: नमस्कार सगळ्यांना. काल पासबुकात एन्ट्री मारून आणली. ६१२ रुपये ‘हार्डकॅसल रेस्टॉरंट्स, मुंबई’ म्हणून गेलेत. आम्ही दोघं उन्हाळ्यापासून नागपूरबाहेर पाऊल टाकलं नाही. खाली आणखी दोन तशाच एन्ट्र्या आहेत. रात्रभर डोळा लागला नाही.

ए-१०४: काकू, आधी कार्ड ब्लॉक करा, मग बोलू.

सी-४०३: थांबा, बँकेचा नंबर नेटवर शोधून टाकतो.

सी-२०१: भाऊ, नेटवरचा नंबर इथे टाकू नका जी. बँकेच्या नावानं चोरांनीच आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. कार्डाच्या पाठीमागे छापलाय तोच धरायचा.

काकू, घाबरू नका. माझी ३२ वर्षं बँकेत असली नॅरेशन, म्हणजे एन्ट्रीपुढचा मजकूर, वाचण्यातच गेली. हार्डकॅसल म्हणजे आपल्याकडचं मॅकडोनाल्ड. दुकानावर पाटी एका नावाची असते, पण पैसे जमा होतात ते चालवणाऱ्या कंपनीच्या खात्यात, म्हणून बँक तेच नाव छापते. मुंबई हा कंपनीचा पत्ता आहे. तुमचं कार्ड मुंबईला गेलं असं नाही. डॉमिनोजचं नाव असंच ज्युबिलंट फूडवर्क्स येतं, बर्गर किंगचं रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया, केएफसी-पिझ्झा हटचं सफायर नाहीतर देवयानी. क्रेडिट कार्डावर तर तारीखही पुढची दिसते, शनिवारी रात्रीचं सोमवारी लागतं. नातू आला होता ना?

बी-३०२ काकू: हो जी, तान्ह्या पोळ्याला! बैल फिरवून झाल्यावर यांनी त्याला बर्गर खायला नेलं होतं. थांबा, बघते.

बी-३०२ काकू: बिल सापडलं. त्याच्या लाकडी बैलाच्या गाड्याखाली दाबून ठेवलेलं होतं. शाई उडाली आहे, पण ६१२ वाचता येतं. अन् जीएसटी नंबराजवळ बारीक अक्षरात हार्डकॅसलच लिहिलंय!

सी-२०१: झालं तर मग. आता दुसरी एन्ट्री?

बी-३०२ काकू: ज्युबिलंट, ३४९. लेकीला फोन केला. तिनं पुण्यात पिझ्झा मागवला, माझं कार्ड तिच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह होतं. तिसरी मात्र कुणाचीच नाही. १,१८० रुपये. परवाच्या मेसेजमध्ये वेळ रात्री २ वाजून १४ मिनिटं आहे. नावही ओळखीचं नाही. मी ओटीपी कुणालाच दिला नाही.

सी-२०१: मग इथे थांबू नका काकू, आत्ता फोन करा. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये नियम घालून दिलाय. आपली चूक नसताना बाहेरच्या कुणी लबाडी केली आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत आपण कळवलं, तर नुकसान आपल्या माथी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर थोडा भार आपल्यावर येतो, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. आपणच ओटीपी सांगून बसलो असतो तर गोष्ट वेगळी होती. कळवेपर्यंतचं सगळं आपल्याच अंगावर आलं असतं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मग १९३० वर सायबर तक्रारही द्या.

ए-१०४: काकू, मी येतो वर. फोन आपण मिळूनच लावू.

बी-३०२ काकू: ये रे बाबा, दार उघडंच आहे.

बी-३०२ काकू: कार्ड बंद झालं. तक्रार क्रमांक मिळाला, कॅलेंडरवर आजच्या चौकटीत लिहून ठेवलाय. १९३० ला पण सांगून झालं. लेकीला म्हटलं, नवीन कार्ड आलं की तुझ्या अ‍ॅपमध्ये टाकायचं नाही.