शब्दचर्चा: पत्रकातलं 'भूस्वाधीन' आणि 'परिहार'

वडगावकर
माळ्यावरचं भाताचं पोतं हलवताना खाली 2023 च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीतलं एक पत्रक सापडलं. उमेदवाराचं नाव, पक्ष राहू दे. पुढं कन्नड, मागं मराठी. मराठी बाजूला वर 'आमचे भरवसे' आणि खाली आठ मुद्दे. चौथा असा: 'रस्त्यासाठी भूस्वाधीन झाल्यास शेतकऱ्यांना चौपट परिहार.' बेळगावच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्यावरून आमच्या शिवारात काय काय झालंय ते इथल्यांना सांगायला नको. पत्रक आलं तेव्हा चुलत्यांनी ही ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, "म्हणजे आम्हीच नेऊन स्वाधीन करायची का रे?" मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. भूस्वाधीन हा शब्द मराठी धरायचा का?

खानापूरची
मी कन्नड शिकवते, म्हणून सांगते. कन्नडमध्ये 'भूस्वाधीन' हाच रोजचा सरकारी शब्द आहे. तिथं स्वाधीन म्हणजे आपल्या ताब्यात घेणं. मराठीत आपण स्वाधीन 'करतो': चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं, किल्ल्या मालकाच्या स्वाधीन केल्या. शब्द एकच, संस्कृतातूनच आलेला, पण कन्नडमध्ये तो घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो आणि मराठीत देणाऱ्याच्या. तुमच्या चुलत्यांनी मराठी वाचलं आणि मराठीच अर्थ काढला. त्यांचं काही चुकलं नाही.

परिहाराचंही तसंच. कन्नडमध्ये परिहार म्हणजे भरपाई. पूर आला की कन्नड पेपरात रोज हा शब्द असतो. मराठीत शंकेचा परिहार होतो, नाहीतर लग्न उरकल्यावर श्रमपरिहाराचं जेवण होतं. 'चौपट परिहार' वाचून मला तर चार पंगती दिसल्या.

चंदगडी
सरळ 'भूसंपादन' लिहा की. महाराष्ट्रात तेच चालतं.

खानापूरची
चालतं, पण ते तरी कुठं चांगलं आहे? संपादन म्हणजे मिळवणं, कमावणं. विद्या संपादन करतात, पुण्य संपादन करतात. दुसऱ्याचं शेत घेऊन वर संपादन म्हणायचं! दोन्ही राज्यांच्या सरकारांनी आपापल्या सोयीचा शब्द उचललाय.

वडगावकर
आणि त्या 'चौपट'ची गंमत सांगतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यातच ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत आणि शहरी भागात दुप्पट मोबदला धरलाय. म्हणजे उमेदवार स्वतःच्या खिशातलं काही देत नव्हता. कायद्यात जास्तीत जास्त जेवढं मिळू शकतं तेवढंच त्यानं 'भरवसा' म्हणून छापलं. आमचं शिवार शहराला लागून, त्यामुळं चौपट की दुप्पट यावरच अर्धं भांडण. आणि मुळात आमच्या लोकांना पैसे नकोतच, तिबार पिकाची जमीन आहे. पण जमीन घेऊ देणार की नाही, यावर पत्रकात एक अक्षर नाही.

डीटीपीवाला
भरवसे माझ्यासारख्याच कुणीतरी केलेत. रागावू नका, धंद्यातली गोष्ट सांगतो. कन्नड मजकूर नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप होऊन येतो, रात्री अकरानंतर. मराठी बाजू सकाळी सातला हवी. भाषांतराचे वेगळे पैसे कोण देतंय? कन्नडमध्ये 'भरवसे' म्हणजे आश्वासन, वचन. तिकडच्या विधानसभेत सरकारी भरवशांची समिती असते, तिलाच मराठीत आश्वासन समिती म्हणतात. झोपेत असलेला माणूस 'भरवसे' वाचतो, मराठीसारखं दिसतं, तसंच ठेवतो. मराठीत भरवसा देत नाहीत, ठेवतात. तो मतदारानं ठेवायचा असतो. 2023 ला त्यातल्या त्यात सोपं गेलं, 'गॅरंटी' शब्द आला. गृहलक्ष्मीचे 2000 रुपये, 200 युनिट वीज, सगळं गॅरंटीत. मिक्सर घेतलेल्या प्रत्येकाला गॅरंटी कळते, भाषांतर करावं लागलं नाही.

चंदगडी
पत्रकात 'धोरण' पण असेल ना? आमच्याकडं बेळगावची माणसं 'सरकारची मलतायी धोरणे' असलं काही बोलतात.

खानापूरची
मलतायी म्हणजे सावत्र आई. कन्नडमध्ये धोरणे म्हणजे वृत्ती, वागण्याची तऱ्हा, म्हणून 'मलतायी धोरणे' म्हणजे आपली सापत्न वागणूक. मराठी धोरणाला कन्नडमध्ये 'नीती' म्हणतात, आणि आपल्या आचारसंहितेला 'नीतिसंहिते'. मराठीत मात्र नीती म्हटलं की सोज्वळपणा आलाच. त्यामुळं 'उमेदवाराची नीती काय?' असं इथं मराठीत विचारलं तर तो चिडेल, आणि कन्नडमध्ये विचारलं तर पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल सांगायला लागेल. मला हा फरक फार आवडतो. मराठीत 'धोरणी माणूस' म्हणजे पुढचं बघून पाऊल टाकणारा. धोरण असलेला आणि धोरणी, दोन्ही उमेदवार सापडतात, पण एकाच माणसात क्वचित.

डीटीपीवाला
'शासक' राहिला. कन्नडमध्ये तो आमदार. मी एकदा 'आपले लोकप्रिय शासक' असं छापून दिलंय. कुणी काही म्हणालं नाही.

वडगावकर
आठवा मुद्दा शब्दानं शुद्ध मराठी आहे, तरी तोच मला सगळ्यात जास्त खटकतो: 'सीमाप्रश्न न्यायप्रविष्ट असल्याने त्यावर भाष्य करणे उचित नाही.' महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला 2004 ला. तेव्हा जन्मलेलं पोर 2023 ला मतदान करून आलं. प्रविष्ट म्हणजे आत शिरलेलं. आत शिरलं ते शिरलंच. पण बाहेर उभ्या माणसानं बोलू नये असं त्या शब्दात कुठं आहे? मराठी शाळा, मराठीत कागदपत्रं, दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडची सक्ती, यावर उमेदवाराला मत असायला कोर्टाची काय आडकाठी?

खानापूरची
न्यायप्रविष्ट हा भूमिका न घेण्याचा सभ्य शब्द झालाय. मूळ प्रश्नावर या. भूस्वाधीन इथल्या बोलण्यात आता रुळलाय, तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे म्हणतात. सीमाभागातल्या मराठीत तो आहे असंच मी धरेन. पण मत मागायच्या कागदावर नको.

डीटीपीवाला
मग काय लिहू? ओळ 'रस्त्यासाठी'पासून सुरू होते, जागा थोडीच आहे. लोक 'रस्त्यात जमीन गेली' म्हणतात. 'जमीन गेल्यास भरपाई' बसतं.

वडगावकर
चुलत्यांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाले, "गेल्यास नको, घेतल्यास लिहायला सांग. ती आपणहून कुठं जायला निघालीय?"

डीटीपीवाला
घेतल्यास. एक अक्षर वाढतंय, तरी बसतं ओळीत.