ह्यूगो सांचेझ प्रशिक्षक म्हणून खरंच अपयशी?

ऑफसाइड :
मेक्सिकोचा फुटबॉलपटू ह्यूगो सांचेझ याचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं : फॉरवर्ड म्हणून दादा माणूस, प्रशिक्षक म्हणून फसला. मला हे अजिबात पटत नाही.

स्पॅनिश लीगमध्ये तो पाच वेळा सर्वाधिक गोल करणारा ठरला, एकदा आतलेटिको माद्रिदकडून आणि चारदा रेआल माद्रिदकडून. १९८९-९० च्या मोसमात त्याचे ३८ गोल झाले, आणि अडतीसच्या अडतीस पहिल्या टचला! चेंडू थांबवला, सावरला, मग मारला, ही भानगडच नाही. याला लोक उपजत देणगी म्हणतात. पण पहिल्या टचला गोल मारायचा तर चेंडू पायाशी येण्याआधीच बचावपटू कुठे आहे, गोलकीपरने कुठल्या बाजूला भार टाकलाय, हे सगळं बघून झालेलं असावं लागतं. हे खेळाचं वाचन आहे. प्रशिक्षकाला याहून वेगळं काय लागतं?

ते त्याने करूनही दाखवलं. पुमास हा मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा क्लब. तिथेच तो घडला, त्याच विद्यापीठात दंतवैद्यकीचं शिक्षणही घेतलं. १९९१ नंतर विजेतेपदाची वाट बघणाऱ्या या क्लबला त्याने २००४ मध्ये लागोपाठ दोनदा जिंकवलं. मेक्सिकोच्या लीगमध्ये वर्षाला एका मोठ्या मोसमाऐवजी दोन छोट्या स्पर्धा सुरू झाल्यापासून ही किमया कुणाला साधली नव्हती. त्याच वर्षी बर्नाबेऊवर, म्हणजे रेआलच्या घरच्या मैदानावर जाऊन पुमासने रेआललाही १-० ने हरवलं. मैत्रीचा सामना होता, तरी पोरांना घेऊन तिथे जाऊन जिंकणं सोपं नाही.

एवढं असूनही मार्च २००८ मध्ये मेक्सिकोच्या महासंघाने त्याला राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावरून काढलं, ते एका गोलासाठी.

पेठेतला गोलकीपर :
धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. 'एका गोलासाठी' हे अर्धंच सांगितलंत, उरलेलं मी सांगतो.

बीजिंग ऑलिंपिकची पात्रता फेरी होती, २३ वर्षांखालील संघाची. कॅनडाशी १-१ बरोबरी, ग्वाटेमालाकडून २-१ ने हार. म्हणून शेवटच्या सामन्यात हैतीला पाच गोलांच्या फरकाने हरवायची वेळ आली. ५-१ ने जिंकले, म्हणजे फरक चारचाच, आणि घरी गेले. त्या सामन्यात गोलसमोर इतक्या संधी घालवल्या की बघवत नव्हतं. आता सांगा, जगातल्या सर्वोत्तम फिनिशरपैकी एक बाकावर बसलाय आणि त्याच्याच संघाला गोल मारता येत नाहीत, मग त्याचं ते वाचन पोरांपर्यंत पोचलं कुठे? स्वतःला दिसणं वेगळं आणि दुसऱ्याला दाखवता येणं वेगळं.

शिवाय राष्ट्रीय संघाचा आधीचा प्रशिक्षक रिकार्डो ला व्होल्पे याच्यावर ह्यूगोने वर्षानुवर्षं जाहीर टीका केली. निकालावर दुसऱ्याला झोडपलंस, तर तुलाही निकालच लागू.

मांडवीकाठ :
गोलकीपर, तुम्ही २००७ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या स्पर्धेबद्दल चकार शब्द काढला नाहीत. ह्यूगोच्या मेक्सिकोने पहिल्याच सामन्यात ब्राझीलला २-० ने गारद केलं. नेरी कास्तियोने बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू उचलून मारलेला तो गोल आठवा. घाबरलेल्या संघाला असलं काही सुचत नाही. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने ३-० ने धुतलं हे खरं, पण नंतर उरुग्वेला ३-१ ने हरवून तिसरा क्रमांक घेतलाच. हे श्रेय कुणाचं?

पेठेतला गोलकीपर :
त्याच उन्हाळ्यात गोल्ड कप या उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध आधी आघाडी घेऊन १-२ ने हरले, ते कुणाचं? मेक्सिकोत अमेरिकेकडून हरणं किती लागतं हे वेगळं सांगायला नको.

रात्रपाळी :
तुम्ही दोघेही १९९४ विसरताय. विश्वचषक, बल्गेरियाविरुद्ध बाद फेरीचा सामना, १-१, जादा वेळ. प्रशिक्षक मेहिया बारोन यांच्या हातात बदली खेळाडू शिल्लक होते, पण बाकावर बसलेल्या ह्यूगोला त्यांनी उतरवलंच नाही. मेक्सिको पेनल्टीवर हरलं. त्या एका निर्णयाचा जाब बारोन यांना नंतर कायम विचारला गेला. प्रशिक्षकाच्या खुर्चीचा हिशेब असाच असतो आणि तो ह्यूगोलाही चुकला नाही. मला वाईट वाटतं ते याचं की पुमासची दोन विजेतेपदं त्या हैतीच्या सामन्याखाली गाडली गेली.

ऑफसाइड :
रात्रपाळी, अगदी हेच मला म्हणायचंय. आणि पुढे काय झालं बघा. महासंघाने स्वेन-गोरान एरिक्सनसारखं मोठं नाव आणलं. वर्षभरात त्यांनाही नारळ, आणि २०१० च्या विश्वचषकाची पात्रता वाचवायला हाविएर अगिरे यांना बोलवावं लागलं. म्हणजे दुखणं एकट्या ह्यूगोत नव्हतं. काढल्यानंतर तो स्पेनमध्ये गेला, डिसेंबर २००८ मध्ये आल्मेरिया हाती घेतलं आणि त्या छोट्या क्लबला अकराव्या क्रमांकावर नेऊन ठेवलं.

पेठेतला गोलकीपर :
आणि पुढच्याच डिसेंबरात आल्मेरियानेही काढलं. २०१२ मध्ये मेक्सिकोतल्या पाचुका क्लबात थोडे महिने, मग टीव्हीवरची चर्चा. इतका मोठा माणूस, पण पुमास सोडून कुठेच टिकला नाही. खेळाडू म्हणून तो माझ्याही भिंतीवर होता हो, म्हणूनच जास्त लागतं.

मांडवीकाठ :
पुमासमध्ये टिकला कारण तिथे स्वतःच्या अकादमीतली पोरं होती आणि त्याला वेळ मिळाला. राष्ट्रीय संघात दीड वर्षसुद्धा मिळालं नाही. वेळच दिला नाही तर संघ बांधणार कसा?

पेठेतला गोलकीपर :
वेळ मिळालेल्या त्याच पुमासचं २००५ बघा. कोस्टा रिकाच्या साप्रिसाकडून प्रादेशिक चँपियन्स कपची अंतिम लढत हरले, लीगमध्ये घसरण झाली आणि त्याच वर्षी ह्यूगो क्लब सोडून गेला. याचं उत्तर धागाकर्त्यांकडून हवंय.