रक्त येत नाही म्हणजे हिरड्या ठीक, असं नाही

एकाने विचारलंय की वडिलांचे दात हलतायत, त्यांना मधुमेह आहे, दिवसाला सात-आठ विड्या होतात, पण ब्रश करताना रक्त कधीच येत नाही. मग दात हलतायत कशाने? विडी आणि मधुमेह, दोन्हींनी हिरड्यांचा आजार बळावतो. आणि रक्त न येण्यामागेही विडीच. धुरामुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आत हाड झिजत असलं तरी रक्त दिसत नाही. विडी सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त येऊ लागलं तर घाबरून पुन्हा सुरू करू नका, हिरडीचा रक्तपुरवठा पूर्ववत होत असतो. मिश्रीची तऱ्हा वेगळी. घासतो तिथली हिरडी खाली सरकते, दात शिवशिवतात, आणि त्यावर इलाज म्हणून पुन्हा मिश्रीच!

डेंटिस्टकडे नुसतं ‘क्लीनिंग’ सांगू नका, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात आणि हिरडीमधली खाच किती खोल आहे ते मोजायला सांगा. १ ते ३ मिमी ठीक. ५-६ मिमीच्या खाचेत ब्रशचे केस पोचतच नाहीत, तिथे मुळापर्यंत सफाई लागते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा रक्तचाचणीचा आकडा) जास्त असेल तर जखम हळू भरते. उलट बाजूनेही खरं आहे: हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत तो आकडा साधारण ०.३-०.४ ने उतरू शकतो.

बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का? त्याने काहींच्या हिरड्या फुगतात. गोळी मनाने बंद करू नका, फिजिशियनला दाखवा.

घरी रोज रात्री दातांमधल्या फटींत बसेल त्या मापाचा इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. जोर लावून घुसवायचा नाही.